शाळेसाठी दहा-बारा जणांची बैठक: कोणते साधन कामाचे, कोणते नुसते ओझे

निकाल आधी सांगून टाकू, कारणे मागाहून. शाळेच्या पाठीशी माणसे उभी करण्यासाठी घरगुती बैठक भरवायची असेल, तर बोलावायला फोन, मनातले काढून घ्यायला चिकट चिठ्ठ्या, कामे वाटायला क्लिपबोर्डवरचा एक कागद आणि पाठपुराव्याला व्हॉट्सअ‍ॅप, एवढ्यावर भागते. गुगल फॉर्म दोनच ठिकाणी उपयोगी पडतो. झूम आणि गुगल मीट पहिल्या बैठकीपासून लांब ठेवलेले बरे. बाकी प्रोजेक्टर, छापील फलक, बिल्ले, खास बैठकांसाठीची अ‍ॅप्स यांच्यावर वेळ घालवू नका.

प्रत्येक साधनाला आम्ही एकच प्रश्न विचारला आहे: लोक घरी गेल्यावर ‘कोण, काय, केव्हापर्यंत’ यातले काय हातात उरते? दिसायला देखणे पण या प्रश्नावर गप्प बसणारे साधन इथे नापास.

बैठक कशी धरली आहे तेही सांगायला हवे. सव्वा तासाची, कुणाच्या तरी घरी किंवा रिकाम्या वर्गात, आठ ते बारा जणांची. त्यात शाळेकडून एकच जण. मुद्दाही एकच, म्हणजे वाचनालय, फाटकासमोरची गर्दी, पाचवीत गळणारी मुले यांपैकी कुठला तरी एक. ही पालकसभा नव्हे. पालकसभेत शाळा सांगते आणि पालक माना डोलावतात. इथे शेजारीपाजारी, ज्यांची मुले शिकून कधीच बाहेर पडली ते, आणि ज्यांना मुलेच नाहीत तेही हवेत.

आठ-बारा हा आकडा हवेतला नाही. मोकळ्या गप्पांत एका संभाषणात साधारण चारच माणसे टिकतात, पाचवा आला की संभाषण फुटायला लागते, असे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. बारा जण म्हणजे चार-चारचे तीन गट. तिघांचेही म्हणणे एका तक्त्यावर मावते. वीस माणसे झाली की गट पाच होतात. प्रत्येकाने चार मिनिटे घेतली तरी वीस मिनिटे नुसती सांगण्यात जातात आणि उरलेले घड्याळाकडे बघत बसतात.

पद्धत तशी जुनी आहे. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन उभी राहिली. तिचे संघटक फ्रेड रॉस यांनी पुढच्या काही वर्षांत घरोघरच्या बैठकांचे तंत्र पक्के केले. यजमान आपल्या ओळखीच्यांना बोलावतो आणि आलेल्यांतूनच पुढचा यजमान निघतो. शाळेसाठी ही साखळी फार उपयोगाची आहे, कारण शाळेला ओळखणारे लोक एका ओळीत राहत नाहीत. एका यजमानाच्या ओळखी संपतात तिथे दुसऱ्याच्या सुरू होतात. म्हणून प्रत्येक बैठकीच्या हिशेबात ‘पुढचा यजमान मिळाला का’ हा एक रकाना असायलाच हवा.

बोलावणे: फोनला तोड नाही

निमंत्रणाचा सुंदर रंगीत फोटो पन्नास जणांना पाठवला की काम झाल्यासारखे वाटते. झालेले काहीच नसते. ‘सर्वांनी यावे’ या वाक्यात कुणाचेच नाव नाही. जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी १९६८ मध्ये प्रयोगाने दाखवले होते, की मदतीची गरज एकट्याला कळली तर तो उठतो. इतरांनाही कळली आहे असे वाटले की तोच माणूस बसून राहतो. ते प्रयोग आणीबाणीच्या प्रसंगांचे होते, पण ग्रुपवरच्या आवाहनाला येणारी शांतता त्याच जातीची असते. कुणीतरी करेल म्हणजे कुणीच करत नाही.

फोन दोन मिनिटांचा. त्यात तीन गोष्टी: तुम्हालाच का बोलावतो आहे, मुद्दा कोणता, आणि बैठक किती वाजता संपणार. संपायची वेळ विसरू नका. ज्यांच्या घरी लहान मुले किंवा आजारी माणूस आहे ते सुरुवातीची वेळ नंतर विचारतात. शेवटी थेट विचारायचे, ‘येताय ना?’ आणि गप्प राहायचे. ‘बघतो’, ‘जमवतो’ याची नोंद नकारातच करायची. हे कठोर वाटेल, पण खुर्च्यांचा हिशेब चुकतो तो नेहमी याच शब्दांमुळे.

फोन यजमानाने करावा, मुख्याध्यापकांनी नव्हे. शाळेतून फोन आला की पालकाच्या पोटात गोळा येतो, पोराने काय केले? पुढचे मिनिटभर तो काही ऐकत नाही.

किती फोन करायचे? ‘येतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मेच येतात, असा एक ढोबळ अंदाज संघटकांमध्ये रूढ आहे. यजमान ओळखीचा असेल तर तो जरा जास्तच निराश ठरतो, तरी आखणी त्याच्यावरच करावी. सोळा होकार मिळेपर्यंत फोन करा. निम्मे गळाले तरी आठ उरतात, आणि सगळेच्या सगळे आले तर चार-चारचे चार गट पडतात, थोडी दाटी होते एवढेच. वेळापत्रक: दहा दिवस आधी पहिला फोन, तीन दिवस आधी खात्रीचा, आणि त्या दिवशी सकाळी एक ओळीचा संदेश. तीन दिवस आधीचा फोन सर्वांत जास्त टाळला जातो आणि रिकाम्या खुर्च्यांचे मूळ बहुधा तिथेच असते. माणसाचा विचार बदललेला नसतो, त्याला तारीख आठवत नसते.

ज्यांना वाचायला अवघड जाते त्यांच्यासाठी लेखी संदेशाऐवजी तीस-चाळीस सेकंदांचा आवाजी संदेश पाठवा. मिनिटाच्या वर गेला की तो अर्धाच ऐकला जातो, आणि ठिकाण नेमके उरलेल्या अर्ध्यात असते.

फोनचा तोटा वेळेचा. तीसेक फोन म्हणजे एका माणसाचे दीड-दोन तास, न उचललेले धरून आणखी. दोघांत वाटून घ्या. नोंद मात्र एकाच कागदावर ठेवा, नाहीतर एकाच घरी दोन फोन जातात आणि दुसऱ्या घरी एकही जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅप: आधी कमी, नंतर जास्त

सगळ्यांच्या हातात आहे आणि शिकवावे लागत नाही, हा त्याचा खरा गुण. दोष वापराच्या क्रमात आहे. बहुतेक ठिकाणी आधी ग्रुप निघतो आणि मग बैठक ठरते. उलटे करा. बैठकीआधीचा ग्रुप म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्यांची खोली. तिथे पहिल्याच दिवशी कुणी सुविचार टाकतो, कुणी बसची तक्रार, आणि दोघे न बोलता बाहेर पडतात. शिवाय साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आलेल्या पालकाने यजमानाला नंबर दिला होता, अनोळखी अकरा जणांना नव्हे.

ग्रुप न काढता अनेकांना एकदम कळवायचे तर ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. एका लिस्टमध्ये २५६ पर्यंत नंबर घालता येतात आणि प्रत्येकाला तो संदेश खासगी म्हणून पोचतो. मेख अशी, की ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो मिळतो. नवी माणसे जोडायची असतात तेव्हा नेमकी तीच गळतात. तुम्हाला वाटते सगळ्यांना गेला, आणि त्यांना वाटते आपल्याला कुणी विचारलेच नाही. म्हणून पहिल्या फोनवरच ‘माझा नंबर सेव्ह करून ठेवा’ असे सांगायचे आणि नंतर संदेशाच्या खुणा बघायच्या.

कम्युनिटीची सोय शाळेच्या पातळीवर बरी. वर घोषणांचा गट, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितात आणि सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. खाली प्रत्येक कामाचा छोटा गट. तीन-चार बैठका होऊन गेल्यावर हिचा विचार करा. पहिल्याच बैठकीला कम्युनिटी काढणे म्हणजे नमनालाच घडाभर तेल. साध्या ग्रुपमध्येही १०२४ माणसे बसतात, पण शाळेच्या कामात हा आकडा भूषणाचा नाही. शंभराच्या पुढे गेलेला ग्रुप लोक आवाज बंद करून ठेवतात.

बैठकीनंतर मात्र व्हॉट्सअ‍ॅपला पर्याय नाही. त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी, फक्त काम घेतलेल्यांचा ग्रुप काढा. ग्रुपच्या नावातच काम आणि मुदत घाला: ‘वाचनालय, ३० तारखेपर्यंत’. मुदत नावात असली की इकडचे तिकडचे संदेश कमी येतात, आणि काम झाल्यावर ग्रुप बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिला संदेश कामाच्या कागदाचा फोटो आणि त्याखाली तोच मजकूर टाइप केलेला. नुसता फोटो टाकला तर शोध घेताना तो सापडत नाही.

हा संदेश पिन करा. पिनची मुदत निवडावी लागते, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. आपोआप येणारा पर्याय तसाच राहू दिला तर कामाची यादी मध्येच खाली घसरते, म्हणून ३० दिवस हाताने निवडा. दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे आपोआप नाहीसे होणारे संदेश. कुणी ती सोय चालू करून ठेवली असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी ठराव गायब होतात, आणि मग ‘असे ठरलेच नव्हते’ यावर वाद घालायला पुरावा उरत नाही.

पोलबद्दल. बारापर्यंत पर्याय देता येतात म्हणून बारा देऊ नका. तारखेसाठी तीन पुरेत. ‘एकापेक्षा जास्त उत्तरे’ ही कळ तारीख शोधताना चालू हवी, कारण कुणाला कोणकोणते दिवस चालतात ते कळायला हवे. निर्णय घेताना ती बंद हवी. हे उलटे झाले की तारखेच्या पोलमध्ये तिन्ही दिवशी सारखीच मते पडतात आणि निर्णयाच्या पोलमध्ये लोक दोन्हीकडे हात वर करतात. आणि लक्षात ठेवा, ग्रुपमधल्या पोलमध्ये कोणी काय निवडले ते नावानिशी दिसते. शिक्षक ग्रुपमध्ये असताना शाळेच्या उणिवांवर पोल घेतला तर आलेली मते खरी नसतात, सभ्य असतात.

गुगल फॉर्म: दोनच ठिकाणी

फॉर्म भरला म्हणजे माणूस जोडला गेला, या समजुतीपायी फॉर्मचा अतिवापर होतो. फॉर्म माहिती गोळा करतो, माणूस नाही. तरी दोन जागा त्याच्याच आहेत. पहिली, एका शाळेसाठी पाच-सहा यजमान वेगवेगळ्या दिवशी बैठका घेणार असतील तर ‘तुम्हाला कोणती जवळ पडेल’ हे विचारायला. दुसरी, बैठक संपता संपता दोन प्रश्नांचा अभिप्राय घ्यायला. तोही लोक खोलीत असतानाच, क्यूआर कोड तक्त्यावर चिकटवून. ‘घरी गेल्यावर भरा’ म्हटले की फॉर्म भिजत पडला.

प्रश्न चारच्या वर नकोत: नाव, फोन, कोणती बैठक, आणि ‘शाळेशी तुमचा संबंध कसा’. मुलाचे नाव विचारू नका, इयत्ता पुरते. ‘एका व्यक्तीचे एकच उत्तर’ ही सोय बंद ठेवा. ती चालू केली की गुगल खात्यात शिरल्याशिवाय फॉर्म भरता येत नाही, आणि जे आजोबा नातीच्या फोनवरून भरणार होते ते तिथेच थांबतात. दोनदा भरलेली नावे यादीतून हाताने काढणे सोपे. फाइल चढवायला सांगणारा प्रश्नही खाते मागतोच, तोही नको.

उत्तरे शीटला जोडा आणि नव्या उत्तराची ईमेल सूचना सुरू करा. सूचना नसली की तीन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येते की नऊ जणांनी नावे दिली आहेत आणि त्यांना कुणी फोनच केलेला नाही. नाव देऊन उत्तर न आलेला माणूस दुसऱ्यांदा नाव देत नाही. बोलावलेच नसते तर तो निदान नाराज झाला नसता.

खोलीतली साधने

खुर्च्या आधी. होकार सोळा असले तरी खुर्च्या नऊ मांडा, बाकीच्या भिंतीशी एकावर एक ठेवा. खुर्च्या कमी पडून आणाव्या लागल्या की खोली भरल्यासारखी वाटते. सोळांपैकी सात रिकाम्या दिसल्या की आलेले नऊ जण मनातल्या मनात स्वतःलाच कमी समजतात. मांडणी अर्धवर्तुळाची, उघडी बाजू तक्त्याकडे. शाळेच्या प्रतिनिधीला तक्त्याशेजारी बसवू नका. तिथे बसलेला माणूस उत्तरे देऊ लागतो, आणि सव्वा तासाची बैठक तक्रारनिवारण होऊन बसते. त्यांची खुर्ची अर्धवर्तुळाच्या मध्यावर, इतरांच्या रांगेत.

चिकट चिठ्ठ्यांचे कौतुक थोडे सविस्तर करायला हवे. स्पेन्सर सिल्व्हर यांना थ्री एम कंपनीत १९६८ मध्ये सापडलेला डिंक धड चिकटेना. तो कशासाठी वापरावा हे ठरेपर्यंत वर्षे गेली आणि १९८० मध्ये चिठ्ठ्या म्हणून तो बाजारात आला. चिकटते आणि निघते हाच तिचा गुण बैठकीत कामाला येतो. मत भिंतीवर लागते, हलते, दुसऱ्या मताशेजारी जाऊन बसते, आणि ते कुणाचे होते हे दोन मिनिटांत सगळे विसरतात. बोलायला बिचकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगले साधन आम्हाला ठाऊक नाही.

आकार ७६ बाय ७६ मिलिमीटरचा घ्या. त्याहून लहान चिठ्ठीवर देवनागरी मावत नाही. वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरले की रोमन लिपीपेक्षा ओळीला जास्त उंची लागते. जाड मार्करने एका चिठ्ठीवर पाच-सहा शब्द बसतात आणि तेवढेच हवेत. पेन देऊ नका. पेनाने लोक परिच्छेद लिहितात आणि तो दोन हातांवरून वाचता येत नाही. माणशी चार चिठ्ठ्या, म्हणजे बारा जणांना पन्नास पुरतात; शंभराचा एक गठ्ठा दोन बैठका काढतो.

चिठ्ठी गठ्ठ्यातून खालून वर ओढली की तिला बाक येतो, मग ती भिंतीवर कानासारखी उभी राहते आणि थोड्या वेळात गळते. डिंकाच्या पट्टीच्या एका कडेने आडवी सोडवली तर सपाट राहते. सुरुवातीला अर्ध्या मिनिटात हे करून दाखवा. चुन्याच्या किंवा भुकटी सुटणाऱ्या रंगाच्या भिंतीवर कोणतीच चिठ्ठी टिकत नाही, कारण डिंकाला आधी भुकटीच चिकटते. म्हणून भिंतीवर आधी मोठा कागद लावायचा, चिठ्ठ्या त्या कागदावर. बैठक संपल्यावर तोच कागद गुंडाळून नेता येतो, हा वरचा फायदा. स्वस्त नकली चिठ्ठ्या घेतल्या तर एक आदल्या दिवशी त्याच कागदावर लावून रात्रभर ठेवून बघा.

मोठ्या कागदावर लिहिण्यासाठी तिरप्या टोकाचा, पाण्याच्या शाईचा मार्कर. पर्मनंट मार्करची शाई कागदातून झिरपून यजमानाच्या भिंतीला लागते. पांढऱ्या फळ्याचा मार्कर कागदावर फिका पडतो. काळा आणि निळा एवढेच रंग मजकुराला. लाल रंग खुणेपुरता, पिवळा अजिबात नको. तीन मीटरवरून वाचायला अक्षर अडीच सेंटिमीटर उंच असावे असा फलकांचा ठोकताळा आहे. देवनागरीत ती उंची शिरोरेषेपासून खाली मोजा, मात्रांना वर वेगळी जागा ठेवा.

चिठ्ठ्या कशा वापरायच्या? कीथ मॅकँडलेस आणि आंरी लिप्मानोविच यांची ‘एक-दोन-चार-सगळे’ ही पद्धत या आकाराच्या बैठकीला नेमकी बसते. एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने लिहायचे, दोन मिनिटे जोडीत, चार मिनिटे चौघांत, मग पाच मिनिटे सगळ्यांनी मिळून. एकूण बारा मिनिटे. बहुतेक वेळा तिची वाट लागते ती पहिल्याच मिनिटाला. शांतता सहन न होऊन यजमान काहीतरी बोलतो, आणि मग सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर यजमानाचेच वाक्य येते. त्या साठ सेकंदांत गुळाचा गणपती व्हावे.

प्रश्न कसा विचारता यावर चिठ्ठ्यांचा दर्जा ठरतो. ‘शाळेत काय काय कमी आहे?’ या प्रश्नाला पन्नास तक्रारी येतात आणि त्यातल्या चाळीस या खोलीच्या हातातल्या नसतात. ‘पुढच्या सहा आठवड्यांत आपल्यापैकी दोघे-तिघे मिळून काय करू शकतील, ज्याने मुलांना फरक कळेल?’ असे विचारा. एखाद्या शिक्षकाचे नाव घेऊन तक्रार निघाली तर ती तक्त्यावर लिहायची नाही. ‘हे मुख्याध्यापकांशी बैठकीबाहेर बोलू’ म्हणून पुढे जायचे आणि खरोखर बोलायचे. शेजारी ‘नंतर’ असे लिहिलेला एक वेगळा कागद लावून ठेवा. विषयाबाहेरचे पण खरे मुद्दे तिथे जातात.

याच जागी वर्ल्ड कॅफे पद्धतही सुचवली जाते. हुआनिटा ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली; चार-पाच जणांची टेबले, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या, फेरीनंतर लोक टेबल बदलतात. छान पद्धत आहे, पण तीन फेऱ्यांतच तास संपतो आणि दहा जणांना फिरायला टेबले दोनच. तीस-चाळीस जणांच्या मेळाव्यासाठी राखून ठेवा.

एक कागद आणि क्लिपबोर्ड

सगळ्यांत साधे साधन आणि सगळ्यांत वरचे गुण त्यालाच. ए४ कागद आडवा धरून पाच रकाने: काम, एकूण किती वेळ, कोण, केव्हापर्यंत, झाल्यावर कोणाला सांगायचे. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि पाठपुरावा तिथेच मरतो. केलेले काम कुणाला सांगावे हे ठाऊक नसेल तर केले काय आणि न केले काय, सारखेच वाटते.

दहा जणांना सात-आठ कामे. वीस लिहिलीत तर अर्धी रिकामी राहतात आणि कागदच केविलवाणा दिसतो. कामे आधीच, शाळेशी बोलून, लिहून आणायची. चिठ्ठ्यांतून निघालेल्यांसाठी तीन ओळी मोकळ्या. ‘वाचनालयाला मदत’ हे काम नाही. ‘दीडशे पुस्तकांना क्रमांक चिकटवणे, दोघांना दोन तास, शनिवारी सकाळी’ हे काम. ‘फाटकासमोरच्या वाहनांची मोजणी, शाळा सुटताना वीस मिनिटे, सलग तीन दिवस’ हेही काम. कामांचे आकार तीन ठेवा: अर्ध्या तासाचे, दोन तासांचे आणि महिन्यातून एकदा येणारे. अर्ध्या तासाची दोन तरी हवीतच. पहिल्यांदा आलेला माणूस तीच उचलतो, आणि ते पार पडले तर पुढच्या वेळी मोठे घेतो.

कागद फिरवताना पहिली ओळ रिकामी नको. ज्याचा होकार आधीच घेतला आहे अशा एकाकडून ती भरून घ्या, तारखेसकट. पुढचे सगळे त्याच वळणावर लिहितात. पहिल्याने नुसते नाव लिहून तारीख सोडली तर कागद शेवटपर्यंत बिनतारखेचा येतो. नाव लिहिल्यावर शेजारच्याला मोठ्याने सांगायचे: कोणत्या दिवशी, कुठे, किती वाजता. पेटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडले होते की ‘करेन’ यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी करेन’ असे ठरवलेले काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. इथे त्यासाठी जास्तीचे एक मिनिट पुरते.

एखादे काम कुणीच घेतले नाही तर? सगळ्यांसमोर त्यावर रेघ मारा. भिडेखातर कुणाच्या गळ्यात घातलेले काम होत नाही, आणि तो माणूस पुढच्या बैठकीलाही येत नाही.

फोन नंबर मात्र या कागदावर नकोत. त्यासाठी प्रत्येकाला वेगळे छोटे कार्ड, ए६ आकाराचे, ए४ कागदाचे चार तुकडे केले तरी तेच. नाव, नंबर, कोणत्या वेळी फोन चालेल, आणि एक चौकोन: ‘माझ्या घरी बैठक घ्यायला तयार आहे’. चारचौघांत ‘पुढची बैठक कोण घेणार’ विचारले की सगळे जमिनीकडे बघतात. कार्डावरच्या चौकोनात खूण करायला कुणाची भीड नसते. कार्डे दारातून बाहेर पडताना नव्हे, बसल्या जागीच परत घ्या.

पैशाचा रकाना पहिल्या बैठकीच्या कागदावर ठेवू नका. वर्गणीचा विषय निघाला की मदत म्हणजे पैसे असे समीकरण बसते आणि ज्यांच्याकडे वेळ आहे पण पैसे नाहीत ते मागे सरतात. पुढे कधी गोळा करावेच लागले तर शाळेच्या पावतीवरच, आणि मोजायला दोघे.

झूम आणि मीट

फुकटच्या खात्यावर झूमची बैठक ४० मिनिटांनी तुटते, गुगल मीटची तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटांनी; दोन्हींत शंभर माणसे बसतात. काम सुरू झाल्यानंतरच्या आढाव्याला हे ठीक, उलट झूमची चाळिसाची मर्यादा लांबण लावणाऱ्यांवर उत्तम उपाय आहे. पहिल्या ओळखीला नाही. चौघांचे गट, शेजारच्याशी कुजबुज, संपल्यावर दारात रेंगाळणे, यातले काहीच पडद्यावर होत नाही, आणि निम्मी कामे तर दारात रेंगाळतानाच ठरतात.

सर्वांत वाईट प्रकार मिश्र बैठकीचा: आठ जण खोलीत, तिघे पडद्यावर. लॅपटॉपचा माइक समोरच्या दोघांचे नीट पकडतो, पलीकडच्यांचे पुटपुटणे होते. कुणी मदत म्हणून आपल्या फोनवरून त्याच बैठकीत शिरले की आवाज घुमायला लागतो, मग पाच मिनिटे ‘ऐकू येतंय का’ यात जातात. त्या तिघांसाठी दुसऱ्या दिवशी वेगळा अर्ध्या तासाचा फोन ठेवा.

नंतरचे पंधरा दिवस

दुसऱ्या दिवशी: काम घेतलेल्यांचा ग्रुप, पिन केलेली यादी, आणि ज्यांनी चौकोनात खूण केली त्यांना फोन. फोन दोन दिवसांच्या आत गेला नाही तर यजमानपद थंड पडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्ध्या तासाच्या कामांची चौकशी, ग्रुपवर नव्हे, त्या माणसाला वेगळी. ग्रुपवर ‘झाले का?’ विचारणे म्हणजे चारचौघांत हजेरी घेणे. झाल्याची बातमी मात्र ग्रुपवर, फोटोसह. फोटोत पुस्तके, फाटक, रंगवलेली भिंत चालेल. मुलांचे चेहरे पालकांना आणि शाळेला विचारल्याशिवाय नकोत.

दहाव्या दिवशी कागद काढून मोजा: बोलावले किती, होकार किती, आले किती, कामे घेतली किती, पुरी झाली किती, पुढचे यजमान किती. सहा आकडे, एका ओळीत. तीन बैठकांच्या तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या की गळती कुठे आहे ते दिसते. होकार आणि उपस्थिती यांत दरी असेल तर तीन दिवस आधीचा फोन चुकतो आहे. लोक येतात पण कामे घेत नाहीत, तर कामे मोठी किंवा मोघम आहेत. घेतात पण पुरी होत नाहीत, तर शेवटचा रकाना रिकामा असणार.

पुढच्या बैठकीला तोच जुना कागद भिंतीवर लावून सुरुवात करा, झालेल्या कामांवर खूण करून. मार्कर मधल्या काळात आडवे ठेवा. टोपण वर करून उभे ठेवले की शाई बुडाशी उतरते आणि ऐन वेळी पहिला शब्द उमटत नाही.